चिमणी कोठे ठेवली होती?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी चौथीला होतो. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी मला पाचारण करावे हा माझा बहुमान आहे. संयोजकांचे पत्र आले, तेव्हा त्यांनी विषय माझ्यावर सोपविला होता. मी संतवाङ्मयावर किंवा आपल्या सीमाभागातील मराठीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या दोन्ही विषयांवर मी चाळीस वर्षे बोलत आलो आहे आणि त्यातील बरेचसे छापूनही झाले आहे. परंतु या गुरुजींच्या नावाने उभे राहायचे, तर मला दुसरेच काही आठवते. म्हणून मी विषय कळविला : घरातील आग आणि घरातील मूल. मराठीच्या प्राध्यापकाने आगीवर बोलावे हे संयोजकांना थोडे चमत्कारिक वाटले असेल. त्यांनी तसे दर्शविले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आरंभ माझ्याच क्षेत्रातून करतो. आगीच्या बाबतीत आपली भाषा अतिशय श्रीमंत आहे. ठिणगी, निखारा, इंगळ, विस्तव, जाळ, आच, झळ, धग, फुफाटा, वणवा. यातील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. झळ अंगावरून जाते, आच खालून लागते, धग दुरून जाणवते. तव्याने बोट भाजते, दुधाने तोंड पोळते, आणि धगीने चेहरा होरपळतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या खेड्यांतून बोलीचा अभ्यास करीत हिंडत असताना विस्तवाला 'इस्तो' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मला भेटल्या. सकाळी एका घरचा इस्तो दुसऱ्या घरी गोवरीवर नेला जाई, आणि तो नेण्याचे काम बहुधा आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे असे. दिवा विझवला असे म्हणायचे नाही, मालवला म्हणायचे, हेही त्याच मुलीला शिकविले जाई. अग्नीविषयीचा हा आदर खरा होता, यात शंका नाही.

पण आपल्या म्हणी पाहा. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, म्हणजे ज्याचे पोळले त्यानेच शहाणे व्हावे. आगीतून फुफाट्यात पडणारा आपल्या कर्माने पडतो. आणि या सर्वांवर कडी करणारी म्हण म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ही म्हण उच्चारली की आपण माकडाला हसतो. ते कोलीत पेटते ठेवून चुलीपासून कोण उठून गेले, हा प्रश्न म्हणीत नाही. माझ्या प्रबंधात या म्हणीची नोंद आहे, तिचे पाठभेद आहेत, तिच्या वापराची उदाहरणे आहेत. मी ती प्रथम कोठे ऐकली, एवढे मात्र तेथे लिहिलेले नाही. ते आज सांगतो.

१९५९ सालचा हिवाळा होता. तीन वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती. आमचे गाव अर्थातच होते तेथेच राहिले, सौंसर तहसिलीत, आणि तेथे वीज नव्हती. मी नऊ वर्षांचा, धाकटी बहीण पाच वर्षांची. कापसाची वेचणी संपत आली होती आणि आतल्या खोलीत छातीइतका कापूस रचलेला होता. आपल्यापैकी शेतकरी घरातील मंडळींना ते दृश्य सांगायला नको. भाव चढेपर्यंत कापूस घरातच राहतो, पोरे त्यात उड्या मारतात, थंडीच्या रात्री त्यावरच झोपतात.

मी बाहेरच्या खोलीत घोंगडीवर बसून वाचत होतो. पुढ्यात पाट, पाटावर पुस्तक, पुस्तकाशेजारी चिमणी. आजच्या मुलांना चिमणी म्हटले की पक्षीच आठवेल. आमची चिमणी म्हणजे औषधाची रिकामी बाटली, तिच्या तोंडाशी पत्र्याचे बूच, बुचातून काढलेली चिंधीची वात आणि आत घासलेट. अशा वस्तूला इतके गोजिरे नाव कोणी दिले असेल याचे मला अभ्यासक म्हणूनही नवल वाटते. बहीण माझ्या उजव्या बाजूला चित्रे पाहत बसली होती. चिमणी कलंडली. घासलेट पाटावरून तिच्या परकरावर आणि उजव्या हातावर गेले, आणि त्याच्यामागून जाळ गेला.

आईने गोधडी टाकून तिला दाबून धरले. वडील आधी आतल्या खोलीचे दार ओढून घेण्यासाठी धावले, मग तिच्याकडे आले. यासाठी मी त्यांना कधी दोष दिला नाही. कापूस पेटता, तर आम्ही कोणीच उरलो नसतो. पण वडिलांनी स्वतःला तो दोष दिला असावा, कारण त्यानंतर आमच्या घरी कापूस कधी मुक्कामाला राहिला नाही. पुढे प्रत्येक वर्षी ते पडत्या भावात तो विकून मोकळे होत.

पाणी कोणी घातले नाही. पाणी घातले की फोड येतात अशी समजूत होती, आणि ती आजही आहे. माझी शाईची दौत तिच्या हातावर ओतली गेली, वर तुळशीची माती बांधली गेली. चौथ्या दिवशी ताप वाढला, तेव्हा तिला छोट्या रेल्वेने नागपूरला नेले. ती वाचली. परंतु जखमा भरताना उजव्या हाताची बोटे आत ओढली जाऊन तळहाताला चिकटली. भाजलेली कातडी भरून येताना आकसते. त्या काळात बोटे ताठ ठेवून, फळी बांधून, रोज व्यायाम देऊन ती वाचविता येतात, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पुढच्या वर्षी तिला शाळेत घातले तेव्हा पाटीवरची पेन्सिल तिला धरता येईना. दोन वर्षांत तिची शाळा सुटली. माझी सुटली नाही.

त्या आठवड्यात आमच्या ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येकाचा प्रश्न एकच : कोणी पाडली? उत्तरही ठरून गेले होते : पोरीने ओढली. आत्याबाई म्हणाल्या, "माकडाच्या हाती कोलीत गेलं, मंग दुसरं काय होईन?" ही म्हण मी प्रथम ऐकली ती अशी.

आणि मग गुरुजी आले. त्यांनी कोणाला काहीच विचारले नाही, नुसते बसले. चहा झाला. उठताना वडिलांना म्हणाले, "चिमणी कोठे ठेवली होती?" वडिलांनी जागा दाखविली. गुरुजींनी ती निरखून पाहिली. पाट हलवून पाहिला, तो डुगडुगत होता. मग भिंतीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते खिळे, हातोडी आणि तारेचे वेटोळे घेऊन पुन्हा आले. आमच्या भिंतीत मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर त्यांनी खिळा ठोकला, बाटलीच्या गळ्याला आणि बुडाला तारेचा फास घातला आणि चिमणी तेथे टांगली. वात सारण्यासाठी सुद्धा मला आता आईला हाक मारावी लागणार होती. पुढच्या पंधरवड्यात ते वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी गेले. ज्या घरी देवळी होती तेथे दिवा देवळीत, नव्हती तेथे खिळा. खिळ्यांची पुडी धरायला मी बरोबर असे. घरोघर त्यांचा प्रश्न तोच होता, कोणी नव्हे, कोठे.

मी आयुष्यभर शब्दांचा धंदा केला. 'कोणी' आणि 'कोठे' या दोन प्रश्नार्थक शब्दांत किती अंतर आहे, ते मला व्याकरणाने शिकविले नाही. 'कोणी' विचारले की एक अपराधी सापडतो आणि घर जसेच्या तसे राहते. पाच वर्षांच्या मुलाला समज देणे हा घराचा बंदोबस्त नव्हे. त्याला आज दिलेली समज उद्या एखाद्या फुलपाखरामागे निघून जाते, आणि तसे ते जावे हेच त्याचे वय आहे.

आपल्या महाभारतात या विषयाचा फार मोठा दाखला पडून आहे. वारणावतातले लाक्षागृह. लाख, ताग, तूप घालून रचलेले घर. बाहेरून देखणे, आतून इंधन. आपण कीर्तनातून विदुराची सांकेतिक भाषा ऐकतो, भुयार ऐकतो, भीमाने आईला आणि भावंडांना उचलून नेल्याचे ऐकतो. त्या रात्री त्याच घरात एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे जेवूनखाऊन झोपले होते. त्यांना भुयार ठाऊक नव्हते. सकाळी सापडलेले देह पांडवांचेच असे समजून लोकांनी शोक केला. व्यासांनी ही गोष्ट लपविली नाही, पण त्या पाच मुलांची नावे तेथे नाहीत, आणि आपल्या कीर्तनातून तर ती मुलेच गळाली आहेत. घर कशाचे बनले आहे हे ज्याला ठाऊक असते तो वाचतो, झोपलेले मूल वाचत नाही. आजच्या आपल्या घरात फोमच्या गाद्या, नायलॉनचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सिंथेटिक साड्या आहेत, हे लक्षात घेऊन हा प्रसंग पुन्हा वाचावा.

गुरुजींनी खिळा ठोकला, त्यानंतर तीसएक वर्षांनी समुद्रापलीकडे एका शल्यचिकित्सकाने तोच प्रश्न विचारला, हे मला निवृत्तीनंतर वाचनात आढळले. श्रीलंकेतील डॉ. विजय गोडकुंबुरा यांच्याकडे बाटलीच्या दिव्यांनी भाजलेली माणसे येत. रुग्णांना सावधगिरीचा उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांनी दिवाच पाहिला : उंच, हलका, पातळ काचेचा, सैल बुचाचा. मग त्यांनी बुटका, जाड काचेचा, स्क्रूच्या झाकणाचा दिवा घडविला. त्याच्या दोन बाजू सपाट ठेवल्या, म्हणजे तो सहसा कलंडत नाही, आणि कलंडलाच तर घरंगळत जात नाही. 'सुदीपा' नावाचा हा दिवा लाखोंच्या संख्येने घरोघर गेला, आणि या कार्यासाठी १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये शेकोटीजवळ मुलींचे झगे पेटत, तेव्हा तेथे १९६४ मध्ये मुलींच्या झोपण्याच्या झग्यांचे कापड सहज पेट घेणारे नसावे असा नियम झाला. तेथेही मुलींना शेकोटीपासून दूर राहण्याचा उपदेश शतकभर चालूच होता.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, चिमण्या गेल्या. आता घरोघर वीज आहे, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतूनही गॅस आला आहे. खरे आहे. धुराने डोळे गमावलेल्या कित्येक बाया मी पाहिल्या आहेत, त्यामुळे गॅसविरुद्ध मी एक अक्षरही बोलणार नाही. पण चुलीतला जाळ दिसत असे. रांगते मूल चुलीकडे गेले की चटका बसण्याआधीच धग त्याला थांबवी. आजची आग दिसत नाही. ती नळीत आहे, तारेत आहे, उशीखालच्या मोबाइलमध्ये आहे. चुलीविषयी आजीजवळ शंभर सूचना होत्या. गॅसविषयी आजीजवळ एकही नाही, कारण तिच्या आजीने तिला ती दिलेली नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीवर पसरतो, जेथे आपले मूल खेळत असते. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो वास आला की दिव्याचे बटण दाबायचे नाही, चालू असलेले बंदही करायचे नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, मुलांना घेऊन बाहेर पडायचे आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवायचे. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. नारिंगी सुरक्षा नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती पाच वर्षांत बदलावी लागते. किती घरांत ती वाचली जाते? माझ्या घरी ती मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्रथम वाचली, तेव्हा मुदत उलटून दोन वर्षे झाली होती. मी पीएच्.डी. आहे.

विजेचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे एका घरी विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्री खोलीत चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. काही दिवसांनी दवाखान्यात त्या मुलाचा अंत झाला. त्याने कशाला हात लावला नव्हता. तो झोपला होता. आणि शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या अपरात्री जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून दहा अर्भके गेली, तेथे तर 'कोणी' या प्रश्नाला मुलांपुरती जागाच उरत नाही. म्हणून आपल्या घरी आपणच विचारायचे, बॅटरी कोठे ठेवली आहे? ती निजायच्या खोलीत नको, दाराच्या वाटेत नको, रात्रभर तर मुळीच नको. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे कारागीर आपल्या गावोगाव आहेत. उडणे हेच फ्यूजचे काम आहे, आणि ते काम बंद पाडले की पुढे तापते ती भिंतीतली तार.

कापसाची गोष्ट मी मघाशी केली. ती जुनी झालेली नाही. अलीकडच्या वर्षांतही भाव पडले की आपल्या तहसिलींतील घरे कापसाने भरतात. कापसाच्या ढिगात शिरलेली ठिणगी लगेच जाळ करीत नाही. ती आतल्या आत तासन्‌तास धुमसते, वरून पाणी मारून विझली असे वाटते आणि मध्यरात्री पुन्हा उठते. ज्या खोलीत कापूस आहे तेथे मुले निजवू नयेत, मच्छर अगरबत्ती लावू नये, आणि त्या खोलीतून विजेची उघडी जोडणी नेऊ नये. कापूस ठेवायला दुसरी जागा नसेल, तर मुलांना निजायला दुसरी जागा पाहावी. अंगणातल्या पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या गंजीला घराची भिंत टेकलेली नसावी, हेही त्यात आले. होळीसाठी पोरे गोवऱ्यांच्या चाकोल्या वाळवून जमवतात, त्या बहुधा याच गंजीशेजारी रचलेल्या असतात.

ज्याला आपण आग समजतच नाही, त्या पाण्याविषयीही बोलायला हवे. लहान मूल ज्वाळेपेक्षा गरम पाण्याने, दुधाने, वरणाने अधिक वेळा पोळते. साठ अंश तापलेले पाणी काही सेकंदांत कोवळी कातडी खोलवर नेते. आपल्याकडे बादलीत आधी कढत पाणी ओततात, मग गार पाणी आणायला जातात. तेवढ्यात मूल बादलीशी पोहोचते. क्रम उलटा करावा, आधी गार, मग गरम. यासाठी एक पैसा खर्च नाही. सणावारी आणि भंडाऱ्याच्या पंगतीला जमिनीवर उघडी पातेली असतात आणि त्यांच्यामधून पोरे पकडापकडी खेळतात. तेथे एक दोरी बांधावी आणि दोरीशी एका मोठ्या माणसाला बसवावे.

आणि विकत घेतलेले कोलीत. २०२५ च्या दिवाळीत आपल्याच राज्यात, भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या भागांत, नळकांड्यात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढण्याची 'बंदूक' रस्त्यारस्त्यावर विकली गेली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ज्याने लोखंड जोडतात तो. आवाज झाला नाही की मूल नळीत डोकावते, आणि नेमका तेव्हा तो पेटतो. अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. मग बंदी आली. वर्तमानपत्रांत तेव्हाही कोणीतरी लिहिलेच, की मुले ऐकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजून मरतात, आणि एकट्या भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. आपण पांढुर्ण्याची माणसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा शासन दोन्ही तीरांवर डॉक्टर उभे करते, गाड्या तयार ठेवते, कारण दगड लागणार हे सर्वांना ठाऊक असते. घरातली आग मात्र आपल्याला दर वेळी अनपेक्षित वाटते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही एक म्हण तेवढी यंत्रणेविषयी बोलते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. पण पहिली पाच मिनिटे आपलीच असतात.

त्या पाच मिनिटांविषयी सांगतो, कारण आमच्या घरी ती शाईत गेली. कपडे पेटले तर धावायचे नाही. धावले की वारा लागतो. थांबायचे, तोंडावर हात धरून जमिनीवर आडवे व्हायचे आणि लोळायचे. मुलांनी हे खेळासारखे करून पाहावे, या शाळेच्या मैदानावर करून पाहावे. दुसऱ्याचे कपडे पेटले तर जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकायची, नायलॉनची चादर नव्हे. जाळ विझल्यावर भाजलेल्या जागी साधे गार वाहते पाणी, पुरती वीस मिनिटे, घड्याळ लावून. बर्फ नाही, दंतमंजन नाही, तूप, हळद, बटाटा, माती, शाई, काही नाही. पाण्याने फोड येत नाहीत. फोड आगीने येतात, पाणी आत उतरत चाललेली आच थांबविते. बांगड्या, अंगठी, करदोडा लगेच काढावा, कारण अंग सुजते. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. मोठे भाजले असेल तर पाणी थांबविल्यावर मुलाला कोरडे पांघरूण द्यावे, स्वच्छ धुतलेले सुती कापड जखमेवर ठेवावे आणि १०८ ला कळवून दवाखाना गाठावा. आणि जखम भरली म्हणजे काम झाले असे समजू नये. बोटे, कोपर, मान आकसत तर नाहीत ना, हे महिनोन्‌महिने डॉक्टरांना दाखवीत राहावे. माझ्या बहिणीची बोटे आगीने गेली नाहीत. ती त्यानंतरच्या सहा महिन्यांत गेली.

या व्याख्यानाचे निमंत्रण आल्यावर मी तिला भेटायला गेलो. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, सौंसरजवळच्या एका गावी मुला-सुनेसह राहते. तुझी गोष्ट सांगू का, असे मी विचारले. ती म्हणाली, सांग. मग बराच वेळ डाव्या हाताने लसूण निवडत राहिली आणि म्हणाली, "दादा, चिमणी म्या नाही ओढली. तू पान उलटवलं अन् तुयाच हात लागला तिले."

मी विचारले, इतकी वर्षे का बोलली नाहीस?

"लहान होती तवा मलेच कोणी इचारलं नाही. समजाले लागलं तवा तू कॉलेजात होता. मंग सांगून काय करू?"

मला ते आठवत नाही. नऊ वर्षांचा मुलगा असे काही विसरू शकतो का, हे मला सांगता येणार नाही. मी विसरलो, एवढे खरे. आत्याबाईंची म्हण तिच्यावर चिकटली आणि तिच्या आडोशाला मी शिकलो, पदव्या घेतल्या, त्याच म्हणीवर प्रबंधात टीपही लिहिली. गुरुजींना हे कळले होते का, असा विचार मी त्या दिवसापासून करीत आहे. ते पाट हलवून पाहत होते, तेव्हा मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कदाचित मुद्दामच पाहिले नसेल. त्यांनी 'कोणी' असे विचारले असते, तर कोणीतरी एकाने खरे किंवा खोटे सांगितले असते, आणि चिमणी पाटावरच राहिली असती.

मुख्याध्यापकांनी मला एक विनंती करण्याची मुभा दिली आहे. पाचवी ते दहावीच्या मुलामुलींनी या शनिवारी घरी पाच गोष्टी पाहून याव्यात. गॅसच्या नळीवर कोणते साल छापले आहे. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर कोणते अक्षर आणि कोणता आकडा आहे. त्यातील ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्याच क्रमाने पुढचे तीन-तीन महिने, आणि आकडा हे फेरतपासणीचे साल. आगपेटी जमिनीपासून किती वितींवर असते. रात्री कोणती वस्तू चार्जिंगला लागते आणि तिच्याशेजारी कोण निजते. आणि न्हाणीत बादलीत आधी कोणते पाणी पडते. वहीत फक्त 'कोठे' लिहावे, 'कोणी' लिहू नये. शिक्षकांनी या वहीला गुण देऊ नयेत, म्हणजे मुले खरे लिहितील. ज्या घरी खिळा ठोकावा लागेल, त्या घरच्या पालकांनी तो त्याच दिवशी ठोकावा. वही मात्र सोमवारी वर्गशिक्षकांकडे यावी. मी पुढचा आठवडाभर पांढुर्ण्यातच आहे आणि त्या वह्या वाचायला मला आवडेल.